ओपी पात्र की मुद्दाम दुबळं पात्र? आधी गेमची दुनिया तपासा

फँटसी आरपीजीमध्ये (भूमिका निभावायच्या गेममध्ये) पात्र ओपी म्हणजे ओव्हरपॉवर्ड, अफाट ताकदीचं बनवायचं असो की मुद्दाम दुबळं ठेवायचं असो, सुरुवात एकाच प्रश्नाने करा: आपली लेव्हल वाढली की शत्रूंचीही वाढते का? याचं उत्तर न शोधता ठरवलेलं बिल्ड, म्हणजे पात्राची गुण-कौशल्यांची आखणी, हमखास फसतं. लेव्हल १ वर राहणं एका गेममध्ये जिवावरचं असतं, दुसऱ्यात तोच सगळ्यात सोपा रस्ता असतो. चाळिसाव्या लेव्हलचं पात्र एकीकडे सगळ्यांना तुडवत जातं, तर दुसरीकडे रस्त्यावरच्या साध्या लुटारूंकडून मार खातं. खाली ऑब्लिव्हियन, स्कायरिम आणि एल्डन रिंग हे तीन गेम याच क्रमाने घेतले आहेत, कारण तिघांचं उत्तर वेगवेगळं आहे. शेवटी बॉल्डर्स गेट ३ बद्दल थोडंसं.

ऑब्लिव्हियन: इथे लेव्हल १ म्हणजे चैन

हे २००६ च्या मूळ गेमबद्दल आहे. २०२५ च्या रीमास्टर्डमध्ये लेव्हल वाढवण्याची पद्धत बदलली आहे.

मूळ गेममध्ये सात मेजर स्किल निवडायची असतात. त्यांत मिळून दहा वाढी झाल्या आणि पात्र झोपलं, की लेव्हल चढते. सोबत शत्रूही चढतात, आणि त्यांच्या अंगावरचा मालही. वीस-पंचवीस लेव्हलच्या पुढे वाटेत आडवा आलेला भुरटा लुटारू ग्लास किंवा डेड्रिक चिलखत घालून उभा असतो.

मग न झोपता लेव्हल १ वर राहिलात तर? अख्खी दुनिया तुम्हाला कच्च्या लिंबासारखं सांभाळून घेते. क्वाच शहरापुढच्या राक्षसी जगाच्या फाटकातून आत गेलं तरी समोर बहुतेक स्कँप हे किरकोळ राक्षसच येतात. आणि स्किल तर वाढतच राहतात, फक्त लेव्हल थांबलेली असते. म्हणजे "मी लेव्हल १ वर गेम संपवला" ही इथे मोठी मर्दुमकी नाही. बदल्यात काय गमवाल तेही बघून ठेवा. बऱ्याच डेड्रिक क्वेस्ट (राक्षसी देवांनी दिलेल्या कामगिऱ्या) किमान लेव्हल मागतात, त्या सुरूच होत नाहीत. क्वेस्टमध्ये मिळणाऱ्या अनेक खास वस्तूंची ताकद त्या हाती येतात त्या क्षणीच्या लेव्हलवर कायमची ठरते, त्यामुळे लवकर उचललेली तलवार नंतर खेळण्यातली वाटते.

खरोखर दुबळं पात्र हवं असेल तर उलटं करा. मेजर स्किलमध्ये अॅथलेटिक्स, अॅक्रोबॅटिक्स, मर्कन्टाइल, स्पीचक्राफ्ट, अल्केमी अशी लढाईबाहेरची स्किल भरा आणि नियमाने झोपा. धावण्या-उड्या मारण्यातच लेव्हल चढत जाते, तलवारीचा हात मात्र तसाच कच्चा. पंधराव्या लेव्हलपर्यंत लढाया टाळून, बोलून, पळून जगणं शिकावं लागतं. अनेकांच्या हातून हे नकळत होतं आणि मग गेमला दोष दिला जातो. ठरवून केलं तर हीच या गेमची सगळ्यात कठीण आणि सगळ्यात रंगतदार खेळी आहे.

ओपी व्हायचं तर कमेलियन, म्हणजे अदृश्य करणारी जादू. ग्रँड सोल जेम (जादू भरायला लागणारं सर्वांत मोठं रत्न) वापरून एका वस्तूवर २० टक्के कमेलियन चढतो, पाच वस्तू घातल्या की १०० टक्के. एन्चांट करायला, म्हणजे वस्तूत जादू भरायला, आर्केन युनिव्हर्सिटीत प्रवेश लागतो, किंवा फ्रॉस्टक्रॅग स्पायर असेल तर तिथली वेदी चालते. १०० टक्क्यांना शत्रू तुम्हाला पाहूच शकत नाहीत, वार झेलत उभे राहतात. आमचा सल्ला: ८० वर थांबा. थोडा धोका शिल्लक राहतो, आणि लपून वार करण्यातलं कौशल्यही.

स्कायरिम: ताकद भट्टीवर तयार होते

२०११ चा स्कायरिम मधल्या वाटेने जातो. शत्रू तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतात, पण प्रत्येक भागाला किमान-कमाल मर्यादा असते. इथे ओपी होण्याचा रस्ता स्मिदिंग, एन्चांटिंग आणि अल्केमी या त्रिकुटातून जातो. तिन्ही एकमेकांना वर ढकलतात.

आधी पर्कचा, म्हणजे लेव्हल चढल्यावर घ्यायच्या खास क्षमतांचा, हिशेब. एन्चांटिंगमध्ये एन्चांटरचे पाच टप्पे, मग इनसाइटफुल, कॉर्पस आणि १०० ला एक्स्ट्रा इफेक्ट, असे आठ. अल्केमीत अल्केमिस्टचे पाच, फिजिशियन आणि बेनिफॅक्टर, असे सात. स्मिदिंगमध्ये निदान स्टील आणि आर्केन ब्लॅकस्मिथ. सतरा पर्क इथेच गेले, आणि एका लेव्हलला एकच पर्क मिळतो. आर्केन ब्लॅकस्मिथ विसरू नका. त्याच्याशिवाय एन्चांट केलेली वस्तू भट्टीवर सुधारता येत नाही, आणि हे बहुतेकांना आवडती तलवार एन्चांट करून झाल्यावरच कळतं.

आता क्रम:

१. फॉर्टिफाय अल्केमी आणि फॉर्टिफाय स्मिदिंग (ते-ते स्किल वाढवणारी जादू) असलेली एकेक वस्तू शोधा आणि आर्केन एन्चांटरवर मोडून तो प्रभाव शिका. वस्तू नष्ट होते, म्हणून एखादी साधी अंगठी बघा.

२. स्मिदिंग वाढवायला लोखंडी खंजिरांचे ढीग पाडू नका. जुन्या पॅचनंतर अनुभव वस्तूच्या किमतीवर मिळतो. हॉल्टेड स्ट्रीम कँपमधलं ट्रान्सम्यूटचं पुस्तक घ्या, लोखंडाच्या खनिजाचं चांदी आणि चांदीचं सोनं करा, आणि दागिने घडवा. तेच दागिने लहान सोल जेमवर एन्चांट करून विका. दोन स्किल एकदम वाढतात आणि पैसाही सुटतो. ग्रँड सोल जेम शेवटच्या सामानासाठी राखून ठेवा.

३. फॉर्टिफाय अल्केमीचा संच करा: डोकं, हात, अंगठी, हार. तो घालून स्नोबेरी आणि ब्लू बटरफ्लाय विंगचं फॉर्टिफाय एन्चांटिंग औषध बनवा.

४. औषधाचा असर ३० सेकंदच टिकतो. टेबलापाशी उभं राहून प्या आणि लगेच मेनू उघडा. मेनू उघडा असेपर्यंत वेळ थांबलेली असते. एका घोटात एक वस्तू, असा हिशेब ठेवलात तर घाई होत नाही.

५. आता फॉर्टिफाय स्मिदिंगचा संच: छाती, हात, अंगठी, हार. औषधाशिवाय एका वस्तूवर २५ टक्के मिळतात, चांगल्या औषधाने २९ पर्यंत जातं. ब्लिस्टरवर्ट आणि ग्लोइंग मशरूमचं स्मिदिंग औषध पिऊन हत्यार आणि चिलखत सुधारा.

इथे बहुतेकजण वाया घालवतात ती मेहनत चिलखतावरची. शारीरिक वारापासूनचा बचाव ८० टक्क्यांवर थांबतो. ढाल नसताना चारही भाग घातले असतील तर हा टप्पा ५६७ आर्मर रेटिंगला येतो. त्यापुढचा प्रत्येक आकडा फुकट. १२०० आर्मरवालं पात्र तलवारीसमोर ५६७ वाल्याइतकंच सुरक्षित असतं, आणि जादूसमोर दोघंही सारखेच उघडे, कारण आर्मर जादू अडवत नाही. "एवढं चिलखत असून जादूगाराने दोन फटक्यांत कसं मारलं?" याचं उत्तर हेच.

म्हणून जादूरोध वेगळा जमवा. त्याची कमाल मर्यादा ८५ टक्के आहे आणि ती नेमकी गाठता येते. ब्रेटन वंशाचे २५. लॉर्ड स्टोन या जादुई शिळेच्या वरदानाचे २५. रिफ्टनच्या माराच्या देवळातली प्रेमाच्या पुस्तकाची क्वेस्ट पुरी केल्यावर १५. अल्टरेशन ५० झाल्यावर मॅजिक रेझिस्टन्स पर्कच्या दुसऱ्या टप्प्याचे २०. बेरीज ८५. एकही एन्चांटमेंट न खर्चता हे होतं, आणि अंगठी-हार दुसऱ्या कामाला मोकळे राहतात.

फसतं कुठे? वेळापत्रकात. पहिल्या वीस लेव्हल फक्त भट्टी आणि टेबलापाशी काढल्या तर शत्रू वीस लेव्हलचे होतात आणि तुमचा वन-हँडेड जेमतेम विशीत असतो. म्हणून त्रिकुटातलं एक स्किल आणि लढाईचं एक स्किल बरोबरीने चढवा. स्मिदिंग आधी घ्या, त्याचा फायदा लगेच हातात पडतो. अल्केमी सगळ्यात शेवटी चालेल.

फॉर्टिफाय रेस्टोरेशनच्या प्रसिद्ध ग्लिचबद्दलही नीट सांगितलं पाहिजे. सॉल्ट पाइल आणि अबेसियन लाँगफिन मिसळून फॉर्टिफाय रेस्टोरेशन औषध बनवा, प्या, अल्केमीचा संच उतरवून पुन्हा घाला. गेम अंगावरच्या फॉर्टिफाय एन्चांटमेंटना रेस्टोरेशनचे प्रभाव समजतो, म्हणून संचाचे टक्के वाढतात. वाढलेल्या संचात तेच औषध पुन्हा बनवा, आणि असंच पुढे. काही फेऱ्यांतच आकडे लाखांत जातात. त्याच्याही पुढे गेलात तर आकडा मावत नाही, उणे होतो, आणि गेम बंदही पडू शकतो. आधी वेगळा सेव्ह करा आणि हवा तेवढा आकडा आला की थांबा. चाहत्यांनी बनवलेला अनऑफिशियल पॅच लावलेला असेल तर हे चालणार नाही, त्यात ही फट बुजवली आहे.

ओपी पात्र तयार झालं की दोन तासांत कंटाळा येतो, ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय अवघडपणाच्या पातळीत आहे. अॅडेप्टवर तुम्ही पूर्ण डॅमेज देता आणि पूर्ण घेता. मास्टरवर अर्धं देता, दुप्पट घेता. लेजंडरीवर पाव देता, तिप्पट घेता. आता गणित बघा: ८० टक्के बचाव असलेल्या पात्राला लेजंडरीवर बसणारा वार मूळच्या एक पंचमांशाच्या तिप्पट, म्हणजे ६० टक्के. मार लागतो, पण मरण येत नाही. मेहनतीने कमावलेल्या बिल्डची खरी जागा लेजंडरीच आहे. अॅडेप्टवर ते वाया जातं.

स्कायरिममध्ये खरोखर दुबळं राहायचं असेल तर

लेव्हल चढल्याचा निरोप आला तरी हेल्थ-मॅजिका-स्टॅमिनाची निवड न करता लेव्हल १ वर राहता येतं. स्किल वाढत राहतात, शत्रू मात्र त्या-त्या भागाच्या किमान लेव्हललाच अडकतात. म्हणजे इथेही ऑब्लिव्हियनसारखंच, दुबळेपणाच्या नावाखाली सवलत. शिवाय बोएथियाची क्वेस्ट लेव्हल ३० ला, मेरिडियाचा बीकन १२ ला, अशी दारं बंद होतात.

चांगला मार्ग: लेव्हल नियमाने चढवा, पण हेल्थला एकही गुण देऊ नका. सुरुवातीची १०० हेल्थ शेवटपर्यंत १००. शत्रू वाढत जातात, तुम्ही तेवढेच नाजूक. याला सर्व्हायव्हल मोडची जोड द्या. २०२१ पासून तो स्पेशल एडिशनवाल्यांना फुकट मिळतो. त्यात हेल्थ आपोआप भरत नाही, फास्ट ट्रॅव्हल नाही आणि लेव्हल झोपल्यावरच चढते. अवघडपणा अॅडेप्टच ठेवा. लेजंडरीवर १०० हेल्थ म्हणजे प्रत्येक दरवाजाआड एका फटक्यातलं मरण, आणि त्यात शिकण्यासारखं काही उरत नाही.

असं पात्र जगतं ते चार गोष्टींवर. पहिली, विष: कॅनिस रूट आणि इम्प स्टूल मिसळलं की लुळं पाडणारं विष होतं, आणि त्या काही सेकंदांत मोठ्यातला मोठा सरदारही उलटा वार करू शकत नाही. दुसरी, इल्यूजन: फ्यूरीने शत्रूंना आपसांत भिडवा, काम (Calm) या स्पेलने अंगावर आलेला थांबवा. पण स्पेलला लेव्हलची मर्यादा असते, म्हणून इल्यूजनचे पर्क वेळेवर घ्या, नाहीतर पंचविशीनंतर स्पेल चालेनासे होतात. तिसरी, कॉन्ज्युरेशन, म्हणजे जादूने साथीदार बोलावणं: मार खायला दुसरं कुणीतरी पुढे हवं. चौथी, बिकम इथेरियल ही आरोळी: तीन शब्द मिळाले की १८ सेकंद कुठलाच वार लागत नाही. उंच कड्यावरून उडी मारून पळ काढायलाही तीच. ड्रॅगनसाठी अग्निरोधक औषधाची एक कुपी कायम जवळ ठेवा, १०० हेल्थवर ज्वाळांचा एक झोतही महागात पडतो.

नियम तीनपेक्षा जास्त करू नका. "हेल्थ नाही, चिलखत नाही, सोबती नाही, जादू नाही, फास्ट ट्रॅव्हल नाही" असे सगळे एकदम लावले की मेलात तेव्हा कशामुळे मेलात तेच कळत नाही.

एल्डन रिंग: इथे लेव्हल १ म्हणजे खरंच लेव्हल १

२०२२ च्या एल्डन रिंगमध्ये शत्रू तुमची लेव्हल बघत नाहीत. लिमग्रेव्हमधले सैनिक पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी तेच. म्हणून दोन्ही टोकं इथे सगळ्यात स्वच्छ खेळता येतात.

दुबळ्यासाठी रेच हा क्लास घ्या: लेव्हल १, सगळे गुण १०, हातात सोटा, अंगावर चिलखत नाही. व्हिगर (हेल्थ ठरवणारा गुण) १० ला हेल्थ ४१४ असते. व्हिगर ६० वाल्याकडे १९००. हा फरक कधीच भरून निघणार नाही, तो मान्य करूनच पुढे जा. पण लेव्हल सोडून बाकी सगळं खुलं आहे, आणि तिथेच खरी ताकद दडलेली आहे. साधं हत्यार स्मिदिंग स्टोनने +२५ पर्यंत, खास हत्यार सोंबर स्टोनने +१० पर्यंत जातं. हेल्थ आणि जादू भरणारे फ्लास्क १४ पर्यंत आणि त्यांची ताकद +१२ पर्यंत. रून (गेममधलं चलन) लेव्हलवर खर्च होत नसल्याने स्टोन विकत घ्यायला पैसा मुबलक असतो. राया लुकारियाच्या क्रिस्टल टनलमधलं बेल बेअरिंग ट्विन मेडन हस्क्स या दुकानदारांना दिलं की पहिल्या दोन प्रतीचे स्टोन हवे तेवढे मिळतात. बॉसशी झुंजत बसण्याआधी हे उरका.

हत्यार निवडताना एक हिशेब सतत लागतो. दोन हातांनी धरलं की ताकद दीडपट धरली जाते. मूळ १०, त्यात रॅडागन्स सोअरसील या ताइताचे ५, झाले १५, दोन हातांनी २२. कॅलिडच्या फोर्ट गेलमधलं स्टारस्कर्ज हेअरलूम हा ताईत घातला तर आणखी ५, म्हणजे २०, दोन हातांनी ३०. ग्रेटस्वर्ड या अवजड तलवारीला ३१ लागते. एकच कमी! म्हणून डोक्यावर फँग्ड इम्प हेड हे शिरस्त्राण चढवा, त्याचे २ मिळून २२, दोन हातांनी ३३. जमलं. गॉड्रिक या बॉसकडून मिळणाऱ्या ग्रेट रूनने सगळे गुण ५ ने वाढतात हे खरं, पण मेलात की तो असर जातो आणि तो परत मिळवायला पुन्हा रून आर्क ही वस्तू लागते. हत्यार उचलता येण्याचा हिशेब त्याच्यावर बांधू नका, नाहीतर दुसऱ्याच प्रयत्नाला हातातलं हत्यार निरुपयोगी झालेलं असेल.

सोअरसील फोर्ट फॅरोथमध्ये आहे आणि घोड्यावरून न लढता गाठता येतं. त्याने अंगावर येणारं डॅमेज १५ टक्के वाढतं. लेव्हल १ ला तसाही बहुतेक बॉसच्या एका-दोन फटक्यांत खेळ आटोपतो, त्यामुळे हा सौदा परवडतो.

इन्फ्यूजनमध्ये, म्हणजे हत्याराला द्यायच्या गुणधर्मात, हेवी किंवा कीन घेऊ नका. ती गुणांवर वाढतात आणि गुणच नाहीत. फायर, लाइटनिंगसारखी इन्फ्यूजन मूळ डॅमेज वाढवतात, इथे तीच कामाची. रक्तस्राव त्याहून चांगला, कारण तो बॉसच्या एकूण हेल्थच्या टक्केवारीत कापतो, तुमची लेव्हल विचारत नाही. मात्र काही बॉसना रक्तस्राव होतच नाही, तेव्हा दुसरं हत्यार तयार हवं. आणि जड हत्याराचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे बॉसचा तोल मोडणं. ते हत्याराच्या प्रकारावर आणि वारावर ठरतं, गुणांवर नाही. उडी मारून केलेला जड वार लेव्हल १ ला बॉसला तेवढाच डळमळवतो जेवढा लेव्हल १५० ला.

वजन ७० टक्क्यांखाली ठेवा, नाहीतर लोळण जड होते आणि या पात्राला लोळण हेच चिलखत आहे. शॅडो ऑफ द एर्डट्री या विस्तारात तर स्कॅडूट्री ब्लेसिंगच्या वीस पायऱ्या लेव्हलशी संबंध न ठेवता डॅमेज आणि बचाव वाढवतात. तिथे आधी तुकडे गोळा करा, मग बॉस.

ओपी खेळायचं तर उलट क्रम: आधी व्हिगर ४०, मग हत्याराला लागणारे गुण, मग व्हिगर ६०. व्हिगर २० वर ठेवून सगळं इंटेलिजन्समध्ये ओतणारे मध्यावर अडकतात. कॉमेट अझुर या झोत सोडणाऱ्या स्पेलला इंटेलिजन्स ६० लागतं. फिजिक या मिश्रणाच्या फ्लास्कमध्ये सेरुलियन हिडन टिअर घालून प्यायल्यावर थोडा वेळ एफपी (जादूसाठी लागणारी शक्ती) खर्चच होत नाही, आणि टेरा मॅजिका या जादू वाढवणाऱ्या स्पेलच्या वर्तुळात उभं राहून झोत सोडला की बरेच बॉस तिथेच संपतात. चुकतं ते एवढंच: झोत सुरू असताना दिशा फारशी वळवता येत नाही. बॉस बाजूला सरकला तर सगळं हवेत. म्हणून आधी स्पिरिट अॅश (मदतीला येणारा आत्मा) बोलावून बॉसला एका जागी गुंतवा. फेथ गुणावर चालणाऱ्या बिल्डला रिकार्ड या बॉसला हरवून मिळणाऱ्या रिमेंब्रन्सच्या बदल्यातली ब्लास्फेमस ब्लेड ही तलवार पुरेसं आहे, शत्रू मेला की हेल्थही भरते.

बॉल्डर्स गेट ३

२०२३ च्या या गेममध्ये कमाल लेव्हल १२ आहे आणि दुबळेपणा विकत घेऊन भरून काढता येतो. स्ट्रेंथ ८ ठेवलेल्या पात्राने आँटी एथेल विकते ते हिल जायंट स्ट्रेंथचं एलिक्सर (अर्क) प्यायलं की लाँग रेस्टपर्यंत, म्हणजे पुढच्या मुक्कामापर्यंत, स्ट्रेंथ २१. टॅव्हर्न ब्रॉलर ही क्षमता घेतलेला मंक (मुठींनी लढणारा क्लास) यावर अख्खी मोहीम चालवतो. एका वेळी एकच एलिक्सर चालतं, म्हणून दर मुक्कामाला एक असा साठा धरा, आणि एथेलचा निकाल लावण्याआधी तो भरून घ्या. ब्लायटेड व्हिलेजमधल्या लंप या ओगरकडचं हेडबँड इंटेलिजन्स १७ करतं, तेव्हा विझर्डलाही इंटेलिजन्स ८ ठेवून चालतं. दुबळं खेळायचं असेल तर ही दोन्ही सामानं वर्ज्य करा, आणि संवादातले अपयशी फासे सेव्ह लोड करून पुसू नका. ऑनर मोडमध्ये एकच सेव्ह असल्याने तो मोह आपोआप टळतो. पण पहिल्यांदाच खेळत असाल तर आधी बॅलन्स्ड या मध्यम पातळीवर एक फेरी पूर्ण करा. गेम कुठे पेच टाकतो हे कळल्याशिवाय ऑनर मोडमध्ये कमी गुणांचं पात्र पहिल्या अंकातच संपतं, बहुतेकदा ग्रिमफोर्जमधल्या ग्रिम या बॉसपाशी किंवा ग्नोल्सच्या टोळीसमोर.